उसना आवाज

माझ्या बायकोचा आवाज राज्यातल्या झाडून सगळ्या पोरांना ठाऊक आहे. चंद्रपूरच्या, पालघरच्या, जिथं आमचा कोणी पाव्हणाही नाही तिथल्या पोरांनासुद्धा. लस घ्यायला बसलं, हाताला पट्टा बांधला, की टेबलावरच्या डबीतून केतकी बोलू लागते, “घाबरू नकोस बाळा. मी आहे ना. काही होणार नाही.” आणि पोरं गप बसतात. यामुळं माझी छाती फुगावी अशी लोकांची अपेक्षा असते. सुरुवातीला फुगलीही होती, नाही कशाला म्हणू?

मी प्रल्हाद पाटोळे. जत तालुक्यातल्या कोरटवाडीत माझं पंपाच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. केतकी आधी आमच्या भागातल्या छोट्या रेडिओवर हवामान आणि बाजारभाव सांगायची. रेडिओवर शुद्ध, घरात आमच्यासारखी. कांदा गडगडला ही बातमीसुद्धा ती इतक्या मायेनं द्यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, जाऊ दे, गडगडला तर गडगडला. या आवाजाची कुणकुण पुण्याच्या एका कंपनीला लागली आणि आमच्या घराचं गणितच बदललं.

तेव्हा माळतापाची पहिली साथ नुकतीच ओसरली होती. हा ताप गोचिडीतून येतो. आमच्या माळावर शेळ्या अमाप आणि उन्हाळे असे लांबत गेलेत की गोचीड आता बारा महिने मुक्कामाला. मोठ्या माणसाला हा ताप लोळवतो आणि सोडतो. लहान पोरांच्या मात्र तो मेंदूत शिरतो. लस निघाली ती तीन डोसांची. पहिल्या दोन डोसांत शरीर शत्रूचा चेहरा बघून घेतं आणि तिसऱ्यात तो कायमचा ध्यानात ठेवतं. तिसरा चुकला की पहिले दोन पाण्यात. त्यात औषध जाड, दंड दोन दिवस ठणकणार. पहिल्या डोसाला आलेली पोरं दुसऱ्याला शाळेच्या भिंतीवरून उड्या टाकून पळायची, आणि आयाही दोन दिवसांनी बघू म्हणून त्यांच्यामागं घरी जायच्या.

म्हणून त्या पुण्याच्या कंपनीनं ‘अंगाई’ नावाचं यंत्र आणलं. यंत्र दिसलं की ते उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे उघडू देईनात, तेव्हा कंपनीच्या पुंडे नावाच्या तरुण साहेबाचं डोकं खाऊन मी ते समजून घेतलं. तो म्हणाला, मेंदू दुखणं तराजूत घालून मोजत नाही, आधी अंदाज बांधतो. भीती असेल तर अंदाज मोठा आणि मग दुखतंही मोठं. भरवशाचा आवाज कानावर पडला तर अंदाज लहान होतो. पट्टा पोराच्या नाडीचे ठोके आणि कातडीचा घाम मोजतो. ठोके वाढले की डबीतला आवाज हळू होतो, खाली येतो, वाक्यांमध्ये श्वासाएवढी जागा सोडतो. पोराचा श्वास नकळत त्या लयीत येतो, ठोके उतरतात, यंत्र सिस्टरांना हिरवा दिवा दाखवतं आणि सुई जाते. शेकडो बायकांचे आवाज त्यांनी तपासले होते. पोरांचे ठोके सगळ्यांत लवकर उतरले ते केतकीच्या आवाजानं. तिनं महिनाभर पुण्याला जाऊन बोलून दिलं, सही करून दिली आणि आवाज त्यांचा झाला. म्हणजे तिच्याकडं राहिलाच, पण त्यांचाही झाला.

आमची उर्वी तेव्हा दुसरीत होती.

पहिल्या डोसाला आम्ही तिघं मिरवतच गेलो. शाळेच्या सगळ्या सभागृहात केतकीचा आवाज भरलेला, आणि केतकी स्वतः लेकीच्या शेजारी उभी. उर्वीला गंमत वाटत होती. एकदा डबीकडं बघायची, एकदा आईच्या तोंडाकडं. दिवा हिरवा झाला. डबीतली केतकी आणि शेजारची केतकी अगदी एकाच वेळी म्हणाल्या, “काही होणार नाही.” मग सुई गेली. उर्वी रडली नाही. तिनं आईकडं नुसतं बघितलं, बराच वेळ.

दुसऱ्या डोसाला ती स्वतःहून खुर्चीत बसली. हालली नाही, बोलली नाही. ठोके झरझर खाली आले. पुंडे साहेबानं आपल्या पडद्यावरची रेघ मला कौतुकानं दाखवली आणि म्हणाला, “आदर्श केस आहे तुमची मुलगी. असा उतार मी पाहिलेला नाही.” मीही मूर्खासारखा हसलो.

त्या संध्याकाळी केतकीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, “उर्वी, जेवायला ये गं.” उर्वी माझ्याजवळ चित्र रंगवत बसली होती. तिनं दोन्ही हात कानांवर दाबले, डोळे मिटले आणि तिची चड्डी ओली झाली.

मला वाटलं दमली असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच. आईनं तोंड उघडलं की पोरगी कान दाबून कोपऱ्यात. आई गप्प असली की जवळ जायची, पदराशी खेळायची, एकदा तर मांडीवर डोकं ठेवून झोपली. केतकीला हुंदका आला, त्याचा आवाज झाला, आणि उर्वी झोपेतून किंचाळत उठली.

मिरजेला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी पट्ट्याची नोंद मागवून घेतली आणि ती रेघ बघून चष्माच काढून ठेवला.

“हे शांत होणं नाही, पाटोळे,” त्या म्हणाल्या. “कुत्र्यासमोर ससा गोठून बसतो ना, तेव्हा त्याच्याही हृदयाचे ठोके उतरतात. पळायला जागा नसली की शरीर असं करतं. यंत्राला फक्त ठोके कळतात. घाबरून गोठलेलं मूल आणि निवांत मूल त्याला सारखंच दिसतं.”

“मग बाकीच्या पोरांना असं कसं होत नाही?” मी विचारलं.

“थोडंफार होतही असेल. पण ती पोरं घरी जातात तेव्हा तिथं दुसरा आवाज असतो. तुमच्या मुलीच्या मेंदूनं सरळ हिशेब केलाय. हा आवाज ‘काही होणार नाही’ म्हणाला की काहीतरी होतंच. आणि तो आवाज तिच्या घरी राहतो.”

पुंडेला हे सांगितलं तर तो वाईट तोंड करून म्हणाला, लाखात एखादी अशी केस निघणार, सर. मी म्हटलं, लाखातली ती एक माझ्या घरात आहे, बाकीच्यांचं मी काय करू? बरा मुलगा होता, पण त्याला पडद्यावरचं सोडून काही दिसत नव्हतं.

केतकी बोलायची थांबली. जन्मभर बोलणारी बाई ती, शेजारच्या मांजरालाही गोष्टी सांगणारी. आता ताट वाजवून जेवायला बोलवायची, टाळी वाजवून शाळेची वेळ सांगायची. मला काही सांगायचं तर अंगणाच्या पार टोकाला न्यायची. एकदा तिथंच ती मला म्हणाली, “माझीच जीभ उपटून टाकावी वाटतीया, अहो. ती माझ्याकडं बघती तेव्हा मला वाटतं, मी कोण हाय हिची?” राग आला तो तिचाच आला, सही केली म्हणून, आणि मग त्या रागाची लाज वाटली. सही करताना पेढे मीच वाटले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तिसऱ्या डोसाची घाई करू नका, आधी पोरीला सावरू द्या. आम्ही तेच करणार होतो. पण माळताप परत आला. शेजारच्या बिराजदारांची पिंकी उर्वीच्याच वर्गात. मामाच्या लग्नाला गेले म्हणून तिचा तिसरा डोस राहिला होता. आता ती मिरजेच्या दवाखान्यात होती आणि आपल्या आईला “तुम्ही कोण?” म्हणून विचारत होती. बिराजदार वहिनी आमच्या दारात उभं राहून हे सांगत होत्या आणि केतकी खांबाला धरून ऐकत होती. तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती, कारण उर्वी आतल्या खोलीत होती.

मी शकीला सिस्टरांना गाठलं. त्या आमच्या उपकेंद्राच्या नर्स, उर्वीच्या जन्मापासूनच्या ओळखीच्या. गावातलं शिबिर त्याच दिवशी दुपारी आवरून लसीची गाडी पुढच्या तालुक्यात जाणार होती, आणि परत कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

“घेऊन या तिला,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्या टेबलावरची डबी मी बंद ठेवते. पट्टा नाही, काही नाही. मी आणि तुम्ही, दोघं मिळून झटक्यात उरकू.”

केतकीला मी घरी थांबायला सांगितलं. ती मान हलवून हो म्हणाली. तिचं ते हो मला तेव्हाच खोटं वाटलं होतं.

शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पिंकीची बातमी सगळीकडं झाली होती, त्यामुळं एरवी टाळाटाळ करणाऱ्या आयाही पोरं काखोटीला मारून आल्या होत्या. उर्वीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. तिच्या कानांत मी कापसाचे बोळे घातले होते आणि वर टोपी. शकीला सिस्टरांचं टेबल अगदी कडेला होतं. त्यांनी शब्द पाळला, डबी उलटी घालून ठेवली होती. मी उर्वीची बाही वर केली. सिस्टरांनी दंडाला ओला कापूस लावला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचं पोरगं भोकाड पसरून आडवं पडलं. त्याच्या ओरडण्यावर जाईल इतक्या मोठ्यानं त्याची डबी बोलू लागली. यंत्राला तशी अक्कल दिलेलीच होती. केतकीचा आवाज आमच्या कानाशी आला, खणखणीत आणि मायाळू. “मी आहे ना. मी तुझ्याजवळच आहे.”

उर्वीनं माझ्या हाताला असा चावा घेतला की मी धरलेला दंड सुटला. ती टेबलाखालून निघाली, माणसांच्या पायांतून गेली आणि जिन्यावर दिसेनाशी झाली. मी धावलो. वरच्या मजल्यावर चौथीच्या वर्गाचं दार उघडं होतं आणि वर्ग रिकामा होता. एका खिडकीचा गज पोरांनी कधीचा वाकवून ठेवलेला. त्या फटीतून सात वर्षांचं पोर बाहेर जाऊ शकतं, मोठं माणूस नाही. टोपी आत पडली होती. उर्वी बाहेर छज्ज्यावर होती.

छज्जा वीतभर रुंद असेल नसेल. ती खिडकीपासून सरकत सरकत पावसाच्या पाइपापर्यंत गेली होती आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती. पाइपाची वरची पट्टी भिंतीतून निम्मी सुटलेली मला इथून दिसत होती. खाली हातपंपाचा सिमेंटचा कट्टा. माझा हात गजांतून खांद्यापर्यंत बाहेर गेला, तरी तिच्यात आणि माझ्या बोटांत बरंच अंतर राहिलं.

“उर्वी, बाळा, पप्पांकडं बघ. हळूच इकडं सरक.”

“नको. पप्पा, मला टोचू नका.”

“न्हाई टोचत.”

“मग कशाला आणलंत?”

खाली माणसं गोळा झाली. कोणीतरी सतरंजी आणायला पळालं. आणि त्या गर्दीतून केतकीची हाक आली. घरी थांबणार नव्हतीच ती, रस्त्यापलीकडं उभी राहून बघत होती. पोर छज्ज्यावर दिसल्यावर कुठल्या आईला शुद्ध राहील? “उर्वी! पाइप सोडू नको!”

उर्वीनं पाइप सोडला. दोन्ही हात कानांवर नेले. ती पुढं झुकली, खालची माणसं ओरडली, आणि कशी कोण जाणे, खांदा पाइपाला लागून ती तिथंच अडली. केतकीनं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबलेलं मी वरून पाहिलं. मग ती जिन्याकडं धावली.

मी बोलत राहिलो, दुसरं काय करणार? “पाइप धर, बाळा. आता कोणी बोलत न्हाई. धर पाइप. हां, अशी. अगं, एवढं काही नसतं ते. मुंगी चावल्यागत होतं नुसतं.”

उर्वीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. पहिल्या डोसाला तिनं आईकडं असंच बघितलं होतं. “तुम्ही पण तसंच बोलताय,” ती म्हणाली आणि पाइपापलीकडं अर्धं पाऊल सरकली. पट्टीतून सिमेंटचा चुरा पडला.

आता तिला माझाही आवाज नको झाला. सबंध शाळेत तिच्याशी बोलायला माणूस उरलं नव्हतं.

केतकी वर्गात आली ती धापा टाकत. मी तिला हातानं मागं ढकललं, बोलू नको म्हणून. तिनं माझा हात बाजूला केला आणि गजांना तोंड लावून उभी राहिली. मी तिच्या तोंडावर हात ठेवणार होतो. पण तिच्या घशातून आवाज फुटेचना. धावून आणि भिऊन घसा पार कोरडा पडला होता. ओठ हलले आणि नुसता वारा बाहेर आला.

“उर्वे.”

उर्वीचे हात पाइपावरच राहिले.

मला आधी वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. पण कानांतले बोळे मघाशीच कुठंतरी पडले होते, आणि तिनं मान वळवली होती. केतकीलाही ते दिसलं. ती गजांना बिलगली आणि तशीच, नुसत्या वाऱ्यानं बोलू लागली.

पुढं डॉक्टरीणबाईंनी मला यातली मेख सांगितली. आपण बोलतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू थरथरतात, आणि माणसाचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो तो बराचसा त्या थरथरीतून येतो. कुजबुजताना ते गप्प असतात. हवा फक्त शब्दांच्या आकारातून बाहेर पडते. म्हणून भिंतीपलीकडं कोण कुजबुजतंय ते ओळखणं अवघड जातं. कंपनीनं केतकीच्या गळ्यातली थरथर नेली होती. ही हवा तिची तिच्याकडंच राहिली होती. त्या घटकेला आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगी कान दाबत नाही, एवढंच कळत होतं.

“उर्वे, मी हाय. आई.”

“काय?” उर्वी म्हणाली. “नीट ऐकू येत नाही.”

“मग जवळ ये जरा.”

उर्वी हालली नाही. तिनं ओठ चावला. मग विचारलं, “मला टोचणार?”

मी केतकीकडं पाहिलं. नाही म्हण, मी डोळ्यांनी सांगत होतो, आधी आत तर येऊ दे, मग बघू. केतकीच्या ओठांवर तिचं नेहमीचं वाक्य आलेलं मला स्पष्ट दिसलं. महिनाभर काचेच्या खोलीत बसून तिनं ते हजार तऱ्हांनी म्हटलं होतं. तोंडात बसलेलंच होतं ते. ती थांबली.

“हो,” ती कुजबुजली. “टोचणार.”

“दुखणार?”

“दुखंल.”

खाली लोक सतरंजी ताणत होते, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या. उर्वी आईकडं टक लावून बघत होती.

“किती?”

“मागल्या वेळी किती दुखलं होतं?”

“खूप. रात्री पण दुखत होतं. तू म्हणालीस काही होणार नाही.”

“खोटं बोलले मी. त्या डबीनं बी खोटं सांगितलं, मी बी खोटं सांगितलं. खूप दुखतं ते. आज बी तेवढंच दुखंल.”

“मग नको ना टोचू.” आता तिला रडू आलं. “नको ना.”

“पिंकीला तिची आई ओळखू येईना झालीया, उर्वे. तुला तसं झालं तर मी काय करू? मला न्हाई सोसायचं.” केतकीच्याही डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण गळ्यातून आवाज म्हणून निघू देत नव्हती. “तू रड, ओरड, मला चाव. पप्पांना चावलीस तशी. पण घ्यायचं. मी धरून बसते तुला.”

पाइपाची पट्टी सुटली. टण्णकन आवाज झाला आणि पाइप भिंतीपासून हातभर बाहेर आला. उर्वीनं तो सोडला आणि भिंतीला पाठ लावून खिडकीकडं सरकली, एक पाऊल, मग थांबली, मग पुन्हा. तिचं बोट माझ्या बोटाला लागलं, मग मनगट हातात आलं, आणि ते मी असं आवळलं की त्याचा वळ आठवडाभर गेला नाही. गजांतून आत घेताना तिचं डोकं अडलं. केतकीनं ते दोन्ही हातांत धरून आडवं केलं आणि ती आत आली. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मटकन बाकावर बसलो.

आम्ही खाली आलो तेव्हा गाडीवाले पेट्या भरत होते. शकीला सिस्टरांनी आपली पेटी उघडी ठेवायला लावली होती. पुंडे पांढराफटक पडून कडेला उभा होता. सिस्टरांनी त्याला सगळ्या डब्या बंद करायला सांगितल्या, आणि त्यानं त्या बंद केल्या. डब्या बंद झाल्यावर राहिलेल्या पोरांनी एकदम गलका केला. रांगेत अजून बरीच होती.

केतकी खुर्चीत बसली आणि उर्वीला मांडीवर घेतलं. सिस्टरांनी बाही वर केली, दंड पुसला. केतकी तिच्या कानाशी कुजबुजत होती, पण सभागृहात इतका कल्ला होता की मला तिचे नुसते ओठ दिसत होते.

“काय?” उर्वी म्हणाली.

केतकी पुन्हा कुजबुजली.

“ऐकू येत नाही गं. मोठ्यानं सांग.”

केतकीनं माझ्याकडं पाहिलं. इतकं घाबरलेलं मी तिला खिडकीपाशीही पाहिलं नव्हतं. आवाज काढला आणि पोरगी पुन्हा सुटली, तर आता दुसरी खिडकी कुठली असेल कोणाला ठाऊक. मी काय सांगणार? सिस्टर सुई धरून थांबल्या होत्या.

“सांग ना,” उर्वी म्हणाली. तिचे दोन्ही हात आईच्या पदरात गच्च होते.

केतकीनं घसा साफ केला आणि सगळ्या राज्याला ठाऊक असलेल्या त्या आवाजात, घरच्या बोलीत म्हणाली, “दुखंल.”

रडणारी पोरं रडता रडता थांबली आणि वळून बघू लागली. आजवर या आवाजानं त्यांना असलं काही सांगितलं नव्हतं. एका बाईनं आपल्या पोराचे कान झाकले. पुंडे पुढं आला, “मॅडम, प्लीज, बाकीची मुलं...” म्हणाला आणि शकीला सिस्टरांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा मागं गेला.

उर्वीचे हात पदरातून सुटले. वर उचलले गेले, कानांच्या दिशेनं. अर्ध्यावर थांबले. मग तिनं ते आईच्या गळ्यात टाकले, चेहरा तिच्या खांद्यात खुपसला आणि दंड बाहेर काढून दिला.

“आता?” ती खांद्यातूनच म्हणाली.

“आता,” केतकी मोठ्यानं म्हणाली.

सुई गेली. औषध जाड होतं, ते आत जायला वेळ लागतो. उर्वीनं सगळी शाळा हादरेल असा टाहो फोडला, “आई गं!”

ठेच लागली, भाजलं, चिमटलं की आपल्या तोंडून जे निघतं तेच. आपण काही कोणाला बोलवत नसतो तेव्हा. पण केतकीला कितीतरी दिवसांत कोणी या नावानं हाक मारली नव्हती. लेकीच्या पाठीवर हात ठेवून, रडत, पोर दुसऱ्या खोलीतून बोलावत असावी तशी तिनं ओ दिली.

“ओ,” ती म्हणाली. “ओ, काय गं?”